खापरपणजोबांची पलटण

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेच्या जनतेला अर्पण केलं. त्या देशाने आपल्याकडची गुलामी मोडून काढली याचा त्यांना मनापासून आदर होता आणि इथल्या शूद्रातिशूद्रांनाही तसा दिवस दिसावा ही तळमळ त्यामागे होती. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या डोळ्यांपुढे अब्राहम लिंकन उभे राहतात. पण १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले आणि त्यांतले बहुतेक जण भरती होईपर्यंत, किंवा त्याआधी थोड्याच दिवसांपर्यंत, कुणाच्या तरी मालकीचे होते. जवळजवळ ४०,००० घरी परतले नाहीत. त्यांतही गोळीपेक्षा रोगाने नेलेले अधिक. आज त्यांचे वंशज आपल्या खापरपणजोबांचा माग काढतात. तो कसा काढतात, हे इथे सांगायचं आहे, कारण ज्यांनी स्वतःचं स्वातंत्र्य स्वतः लढून मिळवलं त्यांची नावं अजूनही शोधूनच काढावी लागतात.

आधी अडचण समजून घ्यायला हवी. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. अमेरिकेतल्या गुलामांच्या घराण्यांची अशी वही कुणी ठेवली नाही. १८६० च्या जनगणनेत तिथे सुमारे ४० लाख गुलाम होते, पण त्यांची मोजदाद वेगळ्या तक्त्यात झाली. त्यात नाव मालकाचं. खाली एकेका ओळीत वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण, एवढंच. १८५० चा तक्ताही तसाच. ही माणसं नावानिशी जनगणनेत आली ती १८७० मध्ये. त्यामुळे मागे मागे जाणारा शोध १८७० पाशी येऊन भिंतीवर आदळतो. ही भिंत ओलांडायची एक खात्रीची वाट आहे आणि ती सैन्याच्या दफ्तरातून जाते.

शोध सुरू करायचा तो जिवंत माणसांपासून. आजी, आत्या, चुलत आजोबा यांना कोणती नावं आठवतात, घराणं कोणत्या राज्यातून आलं, थडगी कुठे आहेत, कुणाच्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत का, हे सगळं लिहून घ्यायचं. मग एकेक जनगणना मागे जायचं. युद्धात गेलेला पुरुष साधारणपणे १८१५ ते १८४७ च्या दरम्यान जन्मलेला असणार. कुटुंबात या वयाचा पुरुष आढळला की त्याच्याबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. १९१० ची जनगणना इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्या तक्त्यात एक रकानाच होता: हा माणूस यादवी युद्धात उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या सैन्यात वा आरमारात होता का? त्या रकान्यात दोन अक्षरं दिसली की अर्धं काम झालं. १८९० मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी गणना झाली होती. त्या वर्षीच्या सर्वसाधारण जनगणनेची कागदपत्रं १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. माजी सैनिकांचे तक्ते मात्र इंग्रजी वर्णक्रमाने केंटकीच्या निम्म्यापासून पुढच्या राज्यांचे शिल्लक आहेत. कबरीच्या दगडावर ‘यू.एस.सी.टी.’ ही अक्षरं आणि एक आकडा असेल, तर पलटणच हाती आली. ही अक्षरं म्हणजे कृष्णवर्णीयांच्या पलटणींचं सरकारी नाव.

ही पलटणींची व्यवस्था २२ मे १८६३ च्या लष्करी आदेशाने सुरू झाली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला होता आणि त्यात कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची तरतूद होती. त्याआधी उभ्या राहिलेल्या काही पलटणींना राज्यांची नावं होती. त्यांतल्या बहुतेकांना नंतर यू.एस.सी.टी.चा क्रमांक मिळाला. उदाहरणार्थ, दुसरी साउथ कॅरोलायना पलटण पुढे ३४ वी झाली. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीसारख्या थोड्यांनी आपलं जुनं नाव टिकवलं. म्हणून घरात ऐकलेलं पलटणीचं नाव यादीत सापडलं नाही तर लगेच निराश होऊ नये. तीच पलटण दुसऱ्या नावाने तिथे असण्याचा संभव मोठा.

आता नावांची यादी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने दोन्ही बाजूंच्या सैनिकांची एक सूची संगणकावर सर्वांना मोफत खुली केली आहे. तिच्यात ६३ लाख नोंदी आहेत. माणसं तेवढी नाहीत, कारण एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं असली तर नोंदीही तीन. नाव घातलं की पलटण, कंपनी आणि भरतीच्या व निवृत्तीच्या वेळचा हुद्दा दिसतो. गावाचं नाव किंवा वय तिथे मिळत नाही. जॉन विल्यम्स किंवा हेन्री जॉन्सन अशा नावाचे डझनावारी सैनिक समोर येतात तेव्हा घाई करणाऱ्याचा पाय इथेच घसरतो. आपल्या जिल्ह्याजवळ कोणत्या पलटणीची भरती झाली होती, ते आधी पाहावं. जवळपास उभ्या राहिलेल्या पलटणींतली नावं एका कागदावर लिहावीत आणि त्यांतला एखादा आपला नाही हे सिद्ध होईपर्यंत त्याला खोडू नये. वॉशिंग्टन शहरात यू स्ट्रीटवर १९९८ मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या भिंतींवर २,०९,१४५ नावं कोरली आहेत. अनेक घराणी तिथे जाऊन आपल्या माणसाच्या नावावर बोट ठेवतात. पण ते बोट योग्य नावावर पडावं यासाठी पुढचे कागद लागतात.

पहिला कागद म्हणजे सैनिकाच्या नोकरीचं संकलित पाकीट. युद्धाच्या काळात दर दोन महिन्यांनी प्रत्येक कंपनीचा हजेरीपट तयार होई. रुग्णालयांच्या वह्या वेगळ्या, भरतीचे कागद वेगळे. युद्धानंतर पेन्शनच्या अर्जांचा पूर आला आणि एकेका अर्जासाठी हे जुने पट उलगडताना ते फाटू लागले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेड एन्सवर्थ या लष्करी डॉक्टर-अधिकाऱ्याने युद्ध खात्यात नवी पद्धत सुरू केली: कारकुनांनी प्रत्येक पटातली प्रत्येक सैनिकाची ओळ वेगळ्या कार्डावर उतरवायची आणि एका माणसाची सगळी कार्डं एका पाकिटात घालायची. लक्षावधी कार्डं लिहिली गेली. आज राष्ट्रीय अभिलेखागारात दिसतात ती हीच पाकिटं. यू.एस.सी.टी. पलटणींची पाकिटं संगणकावरही पाहता येतात.

पाकीट उघडलं की सर्वांत आधी वर्णनाचं कार्ड शोधावं. वय, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, जन्म कोणत्या परगण्यात, धंदा काय, भरती कुठे आणि कोणत्या तारखेला, हे सगळं त्यावर असतं. ज्याच्याबद्दल १८६० च्या तक्त्यात वय, लिंग आणि वर्ण एवढंच लिहिलं होतं, त्याची उंची इंचात लिहिलेला हा बहुधा पहिला सरकारी कागद. वयावर मात्र फार विसंबू नये. जन्मतारीख ठाऊक असण्याची मुभाच ज्यांना नव्हती, त्यांचं वय कारकुनाने चेहरा पाहून अंदाजाने लिहिलेलं असे.

हजेरीच्या कार्डांवर काही वेळा एक चमत्कारिक शेरा दिसतो: १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी स्वतंत्र. हा शेरा समजून घ्यायला पगाराची हकीकत माहीत हवी. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीय शिपायाला १० ठरवले आणि त्यांतले ३ कपड्यांसाठी कापून ७ हातावर ठेवले. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने हा पगार घ्यायलाच नकार दिला. जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या तटावर तिने रक्त सांडलं, तरीही महिनोन्महिने पगाराविना ती लढत राहिली. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला, पण मागची थकबाकी भरतीच्या दिवसापासून द्यायची ती फक्त युद्धारंभी स्वतंत्र असलेल्यांना. तेव्हा ५४ व्या पलटणीचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी शपथेचा असा मजकूर रचला की, त्या तारखेला आपल्यावर कुणाच्याही बिनमोबदला श्रमाचं देणं नव्हतं एवढंच शिपायाने म्हणायचं. गुलाम असलेला माणूसही ही शपथ खऱ्या मनाने घेऊ शकत होता. म्हणून हा शेरा दिसला तरी आपला पूर्वज जन्मापासून स्वतंत्र होता असं लगेच धरू नये. तो शेरा त्या काळचा एक छोटा लढा सांगतो.

मेरीलँड, डेलावेअर, मिसूरी अशा संघराज्यात राहिलेल्या गुलामी राज्यांतल्या सैनिकाच्या पाकिटात एक आणखी मोलाचा, आणि वाचताना मन विटवणारा, कागद सापडू शकतो. आपला गुलाम सैन्यात गेला तर निष्ठावंत मालकाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येत असे. त्यासाठी त्याने हा माणूस आपला आहे हे सिद्ध करायचं: कुणाकडून विकत घेतला, वडिलांच्या मृत्युपत्रातून आला का, त्याची आई आपल्याच घरची का. मालकाने स्वतःच्या पैशासाठी भरलेला हा अर्ज आज वंशजाच्या हाती त्या मालकाचं नाव आणि पुढचा दुवा देतो. मालकाचं नाव मिळालं की त्या परगण्याच्या न्यायालयातली मृत्युपत्रं आणि इस्टेटीच्या याद्या पाहता येतात. तिथे घोडे आणि नांगर यांच्या शेजारी माणसांची नावं किमतीसह लिहिलेली असतात आणि मुलांची नावं बऱ्याचदा आईच्या नावापुढेच येतात. सकाळभर अशी यादी वाचत बसण्याला धीर लागतो. पण १८७० ची भिंत इथे खरोखर फुटते.

एवढं झाल्यावर पेन्शनच्या फायलीकडे वळायचं. या सगळ्या शोधात माझ्या मते तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने युद्धात अपंग झालेल्या सैनिकाला आणि मेलेल्याच्या विधवेला, मुलांना, अवलंबून असलेल्या आईला पेन्शन मिळू लागली. पूर्ण अपंग शिपायाला महिना ८ डॉलर, विधवेलाही तेवढेच. २७ जून १८९० च्या कायद्याने नियम सैल केला: ९० दिवस नोकरी झाली असेल आणि आता अंगमेहनत होत नसेल, तर ते अपंगत्व युद्धातलंच असल्याचं दाखवण्याची गरज उरली नाही. म्हणून १८९० नंतरचे अर्ज फार मोठ्या संख्येने आढळतात.

अनुक्रमणिका दोन प्रकारच्या आहेत. टी-२८८ या क्रमांकाची सूची सैनिकाच्या नावाने लावलेली आहे, टी-२८९ पलटण व कंपनीप्रमाणे. नाव नक्की माहीत नसेल तर दुसरीत अख्खी कंपनी वाचून काढता येते. कार्डावर सैनिकाचं नाव, विधवेचं नाव, पलटण, अर्जाची तारीख, कोणत्या राज्यातून अर्ज झाला ते आणि दोन आकडे असतात: अर्जाचा क्रमांक आणि मंजुरीच्या दाखल्याचा क्रमांक. दाखल्याची जागा कोरी असली तर अर्ज नामंजूर झाला किंवा मध्येच राहिला. तरीही फाइल मागवावी. नामंजूर अर्जाची फाइल अनेकदा जाडजूड असते. काही अपवाद सोडता या फायली अजून कागदावरच आहेत. क्रमांक देऊन, शुल्क भरून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून प्रत मागवायची किंवा तिथे जाऊन बसायचं. मागवताना संपूर्ण फाइल हवी असं स्पष्ट लिहावं. निवडक कागदांची प्रत आली तर नेमकी जबानी मागे राहते.

त्या फायलीत एवढं काय असतं? गोऱ्या सैनिकाची विधवा चर्चचा विवाहदाखला जोडत असे. गुलामांच्या लग्नाला कायद्याने मान्यताच नव्हती; दाखला आणणार कुठून? एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली, तिथे मेलेल्या मेजर बूथ यांच्या पत्नी लिंकन यांना भेटल्या. या सैनिकांच्या बायकामुलांनाही पेन्शन मिळावी, अशी त्यांची विनंती होती. लिंकन यांनी सिनेटर चार्ल्स समनर यांना चिठ्ठी लिहून ते म्हणणं पुढे पाठवलं. ४ जुलै १८६४ च्या कायद्यात तरतूद झाली: भरतीपूर्वी किमान दोन वर्षं दोघं नवराबायको म्हणून राहत होते, असं विश्वासू साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं तर पुरे. दोन वर्षांची अटही पुढे काढली गेली.

त्या एका तरतुदीने केवढे कागद जन्माला आले! विधवेने सांगायचं की लग्न कोणत्या मळ्यावर लागलं, मालकाने परवानगी दिली का, ते कोणी लावलं, पाहुणे कोण होते. साक्षीला येणार ती सुईण, जिने बाळंतपणं केली. तो मित्र, जो त्याच रात्री मळ्यावरून पळाला. ती बहीण, जिला दुसऱ्या परगण्यात विकलं होतं. पेन्शन खात्याला संशय आला की खास तपासनीस गावी जाई आणि एकेकाची जबानी घेई. प्रश्न ठरलेले असत: जन्म कुठे, आईबाप कोण, मालक कोण, त्याआधीचा मालक कोण, नाव कधी बदललं, भावंडं कुठे आहेत. जबानीखाली सहीच्या जागी बहुधा फुली असते, पण वरचे शब्द त्या माणसाचे असतात, कारकुनाच्या भाषेतून गाळून का होईना. या चौकशा कृष्णवर्णीय अर्जदारांच्या वाट्याला अधिक आल्या आणि त्यांचे अर्ज गोऱ्यांच्या तुलनेत कमी मंजूर झाले. खात्याने अविश्वासाने विचारलेले प्रश्न म्हाताऱ्या बायांना किती लागले असतील, हे जबान्या वाचताना जाणवतं. त्या त्रासातून उरलेला मजकूर आज वंशजांच्या कामी येतो, आणि तो वाचताना त्या त्रासाचं भान ठेवायला हवं.

हॅरिएट टबमन यांचंच उदाहरण घ्या. शेकडो गुलामांच्या सुटकेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या टबमन यांनाही यातून सूट मिळाली नाही. त्यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारले. ते आठव्या यू.एस.सी.टी. पलटणीत होते, पण तिथल्या हजेरीपटावर नाव होतं नेल्सन चार्ल्स. चार्ल्स हे पूर्वीच्या मालकाचं आडनाव, डेव्हिस हे वडिलांचं. हे दोघे एकच, हे टबमन यांना साक्षीदार आणून सिद्ध करावं लागलं. शिवाय पहिले पती जॉन टबमन दुसऱ्या लग्नाआधी वारले होते हेही. १८९० चा अर्ज १८९५ मध्ये मंजूर झाला, महिना ८ डॉलर. स्वतः युद्धात परिचारिका म्हणून केलेल्या कामाची दखल घेऊन काँग्रेसने १८९९ मध्ये ती रक्कम २० केली.

या प्रकरणातून शोधणाऱ्याने एक गोष्ट उचलावी: सैन्यातलं आडनाव आणि घरचं आडनाव वेगळं असू शकतं. पळून आलेला माणूस मालकाला सापडू नये म्हणून भलतंच नाव सांगे. कुणाला भरती अधिकारी मालकाचंच आडनाव चिकटवून देई. स्वातंत्र्यानंतर अनेकांनी बापाचं नाव घेतलं. सूचीत विधवेच्या नावाने आणि दुसऱ्या आडनावानेही शोधावं.

पेन्शनची फाइल नसेलच, तर मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या नोंदवह्या पाहाव्यात. १८६५ मध्ये सुरू झालेली ही बँक १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो गरिबांची पुंजी गेली. पण खातं उघडताना लिहून घेतलेली माहिती राहिली: आईबापांची नावं, भावंडं, मुलं, पलटण, कधी कधी जुना मालक आणि मळा. बँकेत सैनिकांनीही पैसे ठेवले होते. मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी विभागाच्या लग्ननोंदी आणि मजुरीचे करारही संगणकावर शोधता येतात.

आरमारातल्या पूर्वजाची वाट वेगळी आहे. तिथे अशी पाकिटं नसतात, जहाजांचे हजेरीपट पाहावे लागतात. दक्षिणेच्या सैनिकांना केंद्र सरकारने तेव्हा पेन्शन दिली नाही, त्या त्या राज्याने दिली. म्हणून ते अर्ज राज्यांच्या दफ्तरांत आहेत, आणि ज्या राज्यात लढला तिथे न शोधता म्हातारपणी जिथे राहिला तिथे शोधावं.

शेवटी, फाइल एकट्या माणसाची कधीच नसते. इतिहासकार एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी २ जून १८६३ च्या कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, त्याला २०२५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. टबमन यांच्या सहभागाने झालेल्या त्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले, आणि त्यांतले अनेक पुरुष दुसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीत भरती झाले. फील्ड्स-ब्लॅक यांचे स्वतःचे एक पूर्वज त्या मोहिमेत लढले होते. भाताच्या त्या मळ्यांवरची कुटुंबं त्यांनी उभी केली ती सैनिकांच्या पेन्शन फायली एकमेकींशी जुळवून, कारण एकाच्या विधवेसाठी दुसऱ्याने दिलेल्या साक्षीत तिसऱ्याच्या आईचं नाव येतं. आपल्या पूर्वजाच्या स्वतःच्या फायलीत नसलेली माहिती त्याच्या शेजारच्या तंबूतल्या सोबत्याच्या फायलीत असू शकते. म्हणून प्रत हाती आली की जबानी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि गाव वेगळ्या कागदावर उतरवावं, त्यांच्यापैकी त्याच कंपनीत कोण होते ते टी-२८९ मध्ये पाहावं आणि त्यांच्या फायली मागवाव्यात.